थंबनेलवरची बंदूक: 17 सप्टेंबरच्या एका व्हिडिओचं प्रकरण

मागच्या वर्षी 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, भाच्याच्या चॅनेलवर आम्ही अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला. विषय असा की 1948 ला आपल्या भागात निजामाविरुद्ध लढा झाला तेव्हा कुणाच्या हातात कोणती बंदूक होती. लिहिलं भाच्यानं, आवाज त्याचाच, आणि चित्रं लावून एडिट केलं मी. तुळजापूर तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ हेच रोजचं काम, त्यामुळे एडिटिंग मला नवं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे चुकलं त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या टेबलावर चुकलंय.

व्हिडिओ चालला. नळदुर्गच्या किल्ल्याचे ड्रोन शॉट होते, म्युझिक चांगलं होतं, गावागावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झेंडावंदनाच्या आधीच फिरला. मग आठवड्याभरानं एका शाळेत प्रश्नमंजुषा झाली आणि तिथल्या सरांनी आमच्या व्हिडिओवरून चार-पाच प्रश्न काढले. त्यातला एक होता, "303 रायफलचा पल्ला किती?" उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तर होतं 2 किलोमीटर, कारण व्हिडिओत आम्ही तसं म्हणलं होतं. आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं, नेम धरून मारायचं म्हणलं तर पाचशे मीटरच्या आसपास. तिचा एक मार्क गेला आणि त्या एका मार्कानं ती दुसरी आली.

त्या पोरीचे आजोबा पोलिसातून रिटायर झालेत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कोतमध्ये काढली, कोत म्हणजे जिथं बंदुका जमा असतात, तपासल्या जातात, साफ होतात ती खोली. नातीला उत्तर त्यांनीच सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर निम्मं वर केलेलं असतानाच आबा मोबाईल घेऊन आत आले, चष्मा लावला, व्हिडिओ सुरू केला आणि बेचाळीसाव्या सेकंदाला थांबवला.

"ही कुठली रायफल हाय?"

म्हणलं, आबा, थ्री नॉट थ्री.

"मॅगझीन बघ."

मी बघितलं. मला त्यात काहीच दिसलं नाही. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि नखानं दाखवलं. खाली जी डबी होती ती सरळ चौकोनी होती, बुडाला सपाट. "थ्री नॉट थ्रीची डबी खालून तिरकी असती. धा राउंडची. ही बारा राउंडची हाय, सेव्हन पॉइंट सिक्स टू. ही आमच्याकडं लई नंतर आली. तू ही 1948 ला कुठनं आणलास?"

थंबनेलवर मी हीच लावली होती, लाल अक्षरात वर्ष टाकून.

बंदूक कोणती होती

हे नीट सांगणं गरजेचं आहे, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्याला आपण सगळे थ्री नॉट थ्री म्हणतो ती ली-एनफिल्ड रायफल. .303 हे नळीच्या भोकाचं माप, इंचात, म्हणजे 7.7 मिलिमीटर. भारतात जी सगळ्यात जास्त वापरली गेली ती आखूड ली-एनफिल्ड, तिचं मार्क 3 हे रूप 1907 चं आणि पहिल्या महायुद्धात सोपं केलेलं मार्क 3 स्टार त्यानंतरचं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनायची. 1948 च्या पोलीस ॲक्शनला, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या भारताच्या कारवाईला, सोलापूरकडून नळदुर्गवर जी भारतीय फौज आली तिच्या जवानांच्या हातात हीच होती.

मग चीनच्या युद्धानंतर, 1960 च्या दशकात, ईशापूरलाच हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी रायफल बनली. 2ए आणि नंतर 2ए1. लाकूड तसंच, पुढचं बोंडासारखं टोक तसंच, काडतूस आत ढकलणारा बोल्ट तसाच. पण काडतूस 7.62 मिलिमीटरचं आणि मॅगझीन चौकोनी, बारा राउंडचं. लांबून बघितलं तर तालुक्यात कुणालाही फरक कळणार नाही, मलाही कळला नव्हता. नेटवर "303 रायफल" टाकून शोधलं की अर्धी चित्रं याच 2ए1 ची निघतात, कारण तिचे रंगीत, स्वच्छ, मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो सहज मिळतात. मी फोटोवाला आहे. मी बंदूक निवडली नाही, फोटो निवडला, चांगल्या लाईटचा.

बटच्या, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडाच्या पुढं, बोल्टच्या मागं, हाताची मूठ जिथं पडते तिथं लोखंडी पट्टा असतो. त्यावर कारखाना, मॉडेल आणि साल कोरलेलं असतं. इंग्रजांच्या काळातल्या रायफलवर तिथं मुकुट, त्याच्याखाली राजाची अक्षरं. स्वातंत्र्यानंतरच्या ईशापूरवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. मी ज्या फोटोवरून थंबनेल केलं होतं त्याची मूळ फाईल परत उघडली, 400 टक्क्यांवर नेली, तर लोखंडावर सिंह होते आणि साल होतं 1967. म्हणजे आम्ही जगाला दाखवत होतो की 1967 साली बनलेली रायफल 1948 ला लढली, आणि त्याचा पुरावा आमच्याच फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होता.

आबांनी थांबवलेल्या बाकीच्या जागा

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तो व्हिडिओ अकरा मिनिटांचा तीन तास बघितला. भाच्याला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्याला आधी राग आला, पोरगं चार रात्री जागलं होतं, पण तो ऐकत राहिला.

2 किलोमीटरचं आधी घेऊ, कारण मार्क त्यावर गेला. हा आकडा हवेतून आलेला नाही. मार्क 3 च्या मागच्या साईटची, म्हणजे नेम धरायच्या खाचेची पट्टी 2000 यार्डांपर्यंत आखलेली असते, म्हणजे जवळपास 1830 मीटर. जुन्या मार्क 3 ला बाजूला आणखी एक डायलची साईट असायची, ती तर 2800 यार्डांपर्यंत जायची. व्हिडिओवाले पट्टीवरचा आकडा वाचतात आणि म्हणतात बंदूक एवढ्या लांब मारते. पण तो आकडा एका माणसानं एका माणसाला मारायचा नव्हता. पन्नास-शंभर शिपायांनी एका हुकमावर लांबच्या घोळक्यावर, तोफेच्या जागेवर, रस्त्यावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, कुठली तरी लागेल या हिशोबानं, त्याच्यासाठी ती आखणी. पहिल्या महायुद्धात मशीनगन सर्रास झाल्या, ते काम त्यांच्याकडं गेलं, आणि रायफल सोपी करताना मार्क 3 स्टारवरून ती बाजूची साईट काढूनच टाकली. उघड्या साईटवर एकट्या माणसानं माणसाएवढ्या टारगेटवर नेम धरायचा तर पोरीनं लिहिलेलं पाचशे मीटरच खरं आहे. आबा म्हणाले, "तीनशेवर माणूस माशीच्या, नळीवरच्या पुढच्या साईटच्या, मागं झाकून जातो रं, दोन किलोमीटरवर तुला माणूस दिसतोय तरी का?" आणि त्यांनी मला स्टुडिओच्या दारातून समोरच्या टेकडीवरचं मोबाईल टॉवर दाखवलं. ते दोन किलोमीटरपेक्षा कमी आहे. त्याच्या खालची खोली मला दिसत नव्हती.

दुसरी जागा म्हणजे आवाज. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांशी चकमकीच्या सीनला मी साउंड लायब्ररीतून "रायफल फायर" उचलून टाकलं होतं. तो तडतडतडतड असा सलग आवाज होता. थ्री नॉट थ्रीला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर उचलायचा, मागं ओढायचा, रिकामं केस बाहेर पडतं, परत पुढं ढकलून खाली दाबायचा. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमाचे राउंड मारायचा, आणि तेही त्या काळात फार मानलं जायचं. आबांनी माझ्या टेबलावरची पट्टी घेतली आणि हातानं ती लय करून दाखवली, खट-खट, ठो, खट-खट, ठो. नवीन व्हिडिओत मी ती लय त्यांच्या हाताकडं बघूनच बसवलीय.

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त लागली. सीमेवरच्या कॅम्पमधल्या स्वयंसेवकांचे फोटो मिळत नव्हते म्हणून मी एआयवर तीन चित्रं बनवली. धोतर, टोपी, माळावरचा धुरळा, चेहरे अगदी आपल्याकडचे. आणि हातात केळासारखी वाकडी मॅगझीन असलेल्या बंदुका. एके-47. ती रशियाच्या फौजेत अधिकृतपणे आली 1949 ला, आपल्या लढ्यानंतर. एआयला "बंदूक घेतलेला माणूस" सांगितलं की ते जगात ज्या बंदुकीचे फोटो जास्त तीच काढतं. मी लाईट बघितला, चेहरे बघितले, हातातलं बघितलं नाही. हजारो लोकांनी ते चित्र बघितलं आणि एकानंही कमेंटमध्ये विचारलं नाही, हे मला अजून खुपतं, कारण त्याचा अर्थ बघणाऱ्यांच्या डोक्यातही आता 1948 चं तेच चित्र बसलंय.

शब्दांतल्या चुका त्यामानानं लवकर निघाल्या. भाच्यानं लिहिलं होतं की ही रायफल ली एनफिल्ड नावाच्या इंग्रजानं बनवली. असा माणूस नव्हताच. जेम्स पॅरिस ली यानं बोल्ट आणि मॅगझीनची रचना केली, आणि एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेला सरकारी शस्त्र कारखाना होता ते गाव. आणि पुढं, "याच एनफिल्डच्या काडतुसांवरून 1857 चा उठाव पेटला." ती 1853 ची एनफिल्ड, तोंडाकडून दारू-गोळी ठासायची, कागदी काडतूस दातानं फाडायचं. ली-एनफिल्ड आली 1895 ला. एका गावच्या नावानं शंभर वर्षांत वेगवेगळ्या बंदुका निघाल्या आणि व्हिडिओवाल्यांनी सगळ्या एकाच पोत्यात घातल्या. शिवाय बुलेट गाडीच्या कंपनीनंच ही रायफल बनवली, हेही वाक्य होतं आणि आपल्याकडं बुलेटचं वेड आहे म्हणून तेवढा तुकडा रील करून सगळ्यात जास्त फिरला. खरं एवढंच की त्या कंपनीला सुरुवातीला एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी सुटे भाग बनवायचं काम मिळालं होतं आणि रॉयल एनफिल्ड हे नाव त्यावरून घेतलं. रायफल त्यांची नाही.

चूक आली कुठून

भाचा आळशी नाही. त्यानं तीन मोठे हिंदी व्हिडिओ बघून, वहीत उतरवून, तिन्हीत जे सारखं आलं तेवढंच घेतलं होतं. त्याला वाटलं तीन जण तेच सांगतात म्हणजे खरंच असणार. कुणालाही असंच वाटेल. पण मी ते तिन्ही व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले आणि मला एक गोष्ट दिसली जी फोटोवाल्यालाच दिसते. तिन्हीत एका शिपायाचा तोच काळा-पांढरा फोटो होता आणि तो उलटा होता, आरशातल्यासारखा. शिपायाच्या छातीवरच्या पदकांच्या फिती उजव्या बाजूला होत्या, त्या डावीकडं लागतात. बोल्टचा दांडा डावीकडं होता, ली-एनफिल्डचा दांडा कायम उजवीकडं असतो. कुणीतरी एकानं कॉपीराइटच्या तपासणीतून सुटावं म्हणून फोटो पलटवला आणि बाकी दोघांनी त्याच्याकडून उचलला. फोटो ज्याच्याकडून उचलला, माहितीही त्याच्याकडूनच. म्हणजे ते तीन साक्षीदार नव्हते, एकच होता. आणि आम्ही चौथे झालो, फक्त मराठीत, नळदुर्गचा ड्रोन शॉट लावून, त्यामुळे आमच्या लोकांना ते आणखी खरं वाटलं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. कुठलाही फोटो घेतला की आधी बोल्टचा दांडा आणि शर्टाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघायचं, मग मूठपट्ट्यावरचं कोरीव वाचता येतं का बघायचं, मग मॅगझीन. मोठा अभ्यास नाही हा, पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत अर्धे फोटो बाद होतात.

आता आबांबद्दलही खरं ते लिहायला पाहिजे, त्यांना विचारूनच लिहितोय. ते म्हणायचे की 2ए1 म्हणजे जुन्याच थ्री नॉट थ्री, युद्धानंतर सरकारनं नळी बदलून 7.62 च्या केल्या. त्यांना तसं ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सांगितलं होतं आणि नंतर त्यांनीही कित्येक पोरांना तेच सांगितलं. भाच्यानं शोधून काढलं की तसं नाही. त्या नव्यानंच बनवलेल्या होत्या, नव्या काडतुसाचा दाब जास्त म्हणून पोलादही जास्त मजबूत वापरलं होतं. आबा आधी मानेनात. दोन दिवस बोलले नाहीत फारसं. मग भाच्यानं वेगवेगळ्या सालांचे मूठपट्ट्याचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले, सिंह, त्याखाली 2ए1 आणि साठच्या दशकातली सालं, जुन्या मुकुटाची कुठंच खूण नाही. आबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग मला इतकी वर्षं चुकीचं ठाऊक हुतं." एवढंच. त्या दिवसापासून मी त्यांना जास्त मानतो. पण हेही कळलं की हाताळलेल्या माणसाला बंदूक ठाऊक असते, तिचा कारखान्यातला इतिहास ठाऊक असेलच असं नाही, दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

एक जाता-जाता. कमेंटमध्ये एकानं कुठल्यातरी जुन्या चौकीतला पहारेकऱ्याचा फोटो टाकला होता, "ही बघा ओरिजनल 303." आबा म्हणाले ही मस्कट असू शकते. तेव्हा मला कळलं की जुन्या थ्री नॉट थ्रीच्या नळ्या मोठ्या आणि आतून गुळगुळीत करून .410 बोअरची एकबारी मस्कट पोलिसांसाठी आणि पहाऱ्यासाठी बनवलेली होती, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून, म्हणजे एका वेळी एकच राउंड हातानं घालायचा. बाहेरून तीच बंदूक. रायफल म्हणावी अशी एकच गोष्ट, नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, त्याच तिच्यात नाहीत. नुसत्या बाहेरच्या फोटोवरून ते ठरत नाही, म्हणून त्या कमेंटला आम्ही उत्तर दिलं नाही.

चौकटीतला फोटो

आतापर्यंतचं सगळं दुरुस्त करण्यासारखं होतं. अवघड वेगळंच निघालं.

व्हिडिओखाली आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोरानं लिहिलं होतं, "आमचे पणजोबा हीच 303 घेऊन कॅम्पावर होते, अभिमान आहे." त्याला शेकडो लाईक होते. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर, सोलापूरकडच्या बाजूला, निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, इकडची माणसं तिकडं जाऊन राहायची आणि रात्रीत हद्द ओलांडून यायची, हे आमच्या भागात घराघरात सांगतात. त्या पोराच्या घरी कॅम्पातला एक फोटो आहे असं कळलं. आम्ही त्यांच्याकडं गेलो, त्याच्या वडिलांनी फोटो चौकटीसकट दिला, मी स्टुडिओत काच काढून स्कॅनरवर 1200 डीपीआयला घेतला.

सात माणसं. मागं कुडाची भिंत. पाच जणांकडं काठ्या, एकाच्या कमरेला तलवार किंवा लांब सुरा असावा. दोघांच्या हातात बंदुका, त्यातले एक पोराचे पणजोबा. स्क्रीनवर मोठं केलं तेव्हा नळीखाली बारीक काठीसारखी रेघ दिसली, नळीच्या तोंडापर्यंत गेलेली. तो दारू ठासायचा गज. आणि चापाच्या वर, बाजूला, मोठा वाकडा घोडा. मॅगझीन नाही, बोल्ट नाही. टोपीची, ठासणीची बंदूक. आपल्याकडं भरमार म्हणतात ती. शेतात रानडुकरं हाकायला ठेवायचे तसली.

हे त्या घरात जाऊन सांगायचं कसं, यावर भाचा आणि मी फोनवर तासभर बोललो. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, कुणी विचारणार नव्हतं. पण मग परत थंबनेलच केल्यासारखं झालं असतं. मी सांगितलं. पोराचे वडील काही बोलले नाहीत, फोटो घेतला, भिंतीला लावला आणि पाठ करून उभे राहिले. पोरगं म्हणालं, "म्हणजे आमच्या पणजोबांकडं भारी बंदूक नव्हती, एवढंच ना." मला उत्तर सुचलं नाही.

तेवढ्यात आतून आजी आल्या. त्या पणजोबांची लेक, 1948 ला नऊ-दहा वर्षांच्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून पोरानं मोठ्यानं सांगितलं की हे म्हणायलेत तात्यांकडं थ्री नॉट थ्री नव्हती. आजी म्हणाल्या, "न्हवतीच की. कुणी म्हणलं हुती म्हणून?" आणि मग जे सांगितलं ते मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यांच्या परवानगीनं. तात्या रात्री घरी आले की आईच्या चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचे. पातळ झालं की साच्यात ओतायचे, साचा सांडशीनं धरायचे, जरा थांबून उघडला की गोळी परातीतल्या राखेत पडायची. आजीचं काम राखेतनं गोळ्या वेचायचं. "गरम असायच्या, बोटं पोळायची, पर म्या रडत न्हवते, कारण आवाज बाहिर जाईल म्हणून आय तोंडावर हात ठेवायची." थ्री नॉट थ्री त्यांनी पहिल्यांदा बघितली ती पोलीस ॲक्शनला, मिल्ट्रीजवळ, रस्त्याच्या कडेला बसलेल्या जवानांच्या मांडीवर.

ठासणीची बंदूक भरायची म्हणजे दारू मापानं ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, गजानं ठासायचं, गज परत जागेवर, मग घोड्याखालच्या निपलवर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. अंधारात, घाईत, हात कापत असताना. एक बार उडाला की परत पहिल्यापासून. आणि पावसाळ्यात दारू ओली होण्याची भीती, तो महिना सप्टेंबरचाच. समोर निजामाच्या पलटणीकडं थ्री नॉट थ्री होत्या, आणि 1948 ला सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकानं कराचीहून विमानानं हैदराबादला चोरून शस्त्रं पोचवली हे तर नोंदलेलंच आहे. आमच्या पहिल्या व्हिडिओत दोन्ही बाजूंना सारख्याच बंदुका दिसत होत्या. एके-47 हातात दिल्यामुळं उलट आमच्या माणसांसमोर काय उभं होतं तेच आम्ही पुसून टाकलं होतं. मला वाटतं हे नुकसान पल्ल्याच्या चुकीपेक्षा फार मोठं होतं, आणि ते एकाही शब्दात नव्हतं, सगळं चित्रात होतं. स्क्रिप्ट तपासायला दहा जण मिळतात, चित्र कुणी तपासत नाही.

दुरुस्ती

यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाईल बदलता येत नाही. लिंक तीच ठेवून आतला तुकडा फक्त कापता येतो किंवा झाकता येतो. पूर्ण डिलीट करावा असं भाच्याचं म्हणणं होतं, माझं नव्हतं, कारण ज्यांनी बघितला त्यांच्यापर्यंत चूक पोचलीय आणि डिलीट केला तर दुरुस्ती पोचायचा रस्ताही गेला. शेवटी एआयची तीन चित्रं आणि बुलेटचा तुकडा कापला, थंबनेल बदललं, आणि पिन कमेंटमध्ये काय-काय चुकलं ते मिनिट-सेकंदासकट लिहिलं, कुणाला दोष न देता, "आम्ही चुकलो" असं. चॅनेलचं नुकसान होईल असं भाच्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही, उलट बीड आणि नांदेडकडच्या दोघांनी त्यांच्या घरातले फोटो पाठवले. पण बुलेटची रील दुसऱ्यांच्या अकाउंटवर अजून फिरतेच आहे, ती आमच्या हातात राहिलेली नाही.

नवीन व्हिडिओ सहा मिनिटांचा आहे. त्यात आवाज आजींचा, चुलीचं, पळीचं. चकमकीचा सीन नाही, कारण त्याचं खरं चित्र आमच्याकडं नाही, त्या जागी काळा पडदा आणि बार उडाल्याचा एकच आवाज, मग बराच वेळ शांतता, बार भरायला जेवढा वेळ लागतो तेवढी. भाचा म्हणाला होता एवढ्या वेळात लोक व्हिडिओ पुढं ढकलतील. ढकलतातही, ग्राफमध्ये दिसतं. ती शांतता मी कापली नाही. याला जुन्याच्या पाव व्ह्यूजही नाहीत.

शाळेच्या सरांना आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं. त्यांनी उत्तरपत्रिका काढली, मार्क वाढवला, आणि स्वतः आबांच्या घरी जाऊन पोरीला सांगून आले. बक्षीस आधीच वाटून झालं होतं, ते बदललं नाही, पण या वर्षीच्या प्रश्नमंजुषेसाठी बंदुकांचे प्रश्न काढायच्या आधी त्यांनी आबांना बोलावलंय.

पोराच्या वडिलांचा फोन मागच्या आठवड्यात आला. बऱ्याच दिवसांनी. घराचं जुनं माळवद उतरवायलेत, त्यात लाकडाच्या तुळईवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं, या म्हणाले. मी, आबा आणि पोरगं, तिघं बघायला बसलो. सांडशीसारखे दोन हात, पुढं दोन लोखंडी तुकडे एकमेकाला चिकटलेले, गंजून घट्ट. गोळ्यांचा साचा. आजींनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा, आणि परत दिला. पोरगं म्हणालं उघडू या, आतलं माप घेऊ, वर्नियर आणलाय, मापावरून बंदुकीचा बोअर कळेल. आबांनी त्याचा हात धरला. सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले, साचा परत त्याच कापडात गुंडाळला आणि आठ दिवस कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.